रॉकेट परत आलं, पुढे काय?

मामांचा पहिला आक्षेप वजनाचा होता. रॉकेटच्या धंद्यात एकेका किलोसाठी झगडायचं आणि परत येण्यासाठी पाय, पंख, जादा इंधन असा सगळा संसार बरोबर बांधून न्यायचा, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. “स्पेसएक्सचं फाल्कन ९ परत आणायचंच नसेल तर ते पृथ्वीजवळच्या कक्षेत पावणेतेवीस टनांपर्यंत माल नेतं. बूस्टर, म्हणजे खालचा पहिला टप्पा, समुद्रातल्या जहाजावर उतरवायचा म्हटलं की साडेसतरा टनांच्या आसपास. म्हणजे पाच टन माल खालीच ठेवून निघालात की! तो तोटा कोणाच्या खात्यात लिहायचा?”

“रॉकेटच्याच खात्यात लिहा,” भाची म्हणाली. “पण जमेच्या बाजूला परत आलेली नऊ इंजिनं, दोन टाक्या आणि सगळं इलेक्ट्रॉनिक्सही लिहा. रॉकेटच्या एकूण किमतीपैकी साठ टक्क्यांच्या आसपास रक्कम त्या पहिल्या टप्प्यात असते, असं स्पेसएक्सवालेच सांगतात.”

मामांची सारी नोकरी मुंबईच्या उपनगरातल्या एका कारखान्यात, इंजिनांचे सुटे भाग घडवण्यात गेली. वस्तू हातात घेऊन तिची झीज पाहिल्याशिवाय ते तिच्याबद्दल मत देत नाहीत. भाची एरोस्पेस इंजिनिअर आहे, तिचा विषय नियंत्रणप्रणाली. एकाचं लक्ष शेडमध्ये आणि दुसरीचं आकाशात, त्यामुळे दोघांचा वाद रंगणार हे ठरलेलंच. रॉकेटच्या पुनर्वापराबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, त्यात बहुतेक वेळा आकाशातला अर्धाच भाग असतो. ज्वाळा, धूर, जहाजावर उभा राहिलेला बूस्टर आणि टाळ्या. मामांचे प्रश्न टाळ्या थांबल्यानंतर सुरू होतात. त्यांचे प्रश्न अधिक अवघड आहेत, असं प्रस्तुत लेखकालाही वाटतं. पण भाचीचा भाग समजल्याशिवाय त्या प्रश्नांना धार येत नाही.

म्हणून आधी आकाश.

फाल्कन ९चा पहिला टप्पा दुसऱ्यापासून सुटतो तेव्हा जमिनीपासून साधारण ६५ ते ७० किलोमीटर उंचीवर असतो आणि त्याचा वेग ताशी आठ हजार किलोमीटरच्या घरात असतो. सुटल्यावरही तो वरच जात राहतो, शंभर किलोमीटरची रेषा ओलांडतो आणि मग खाली येऊ लागतो. चाळीस मीटरहून उंच, साडेतीन मीटरपेक्षा जरा रुंद, जवळपास रिकामं असं हे नळकांडं. नायट्रोजनचे छोटे फवारे सोडून ते स्वतःला फिरवतं आणि इंजिनं खालच्या दिशेला करतं. दाट हवेत शिरण्याआधी नऊपैकी तीन इंजिनं पुन्हा पेटतात आणि वेग तोडतात. ही पायरी गाळली तर काय होतं, ते २०१० मध्येच कळलं होतं. पहिल्या दोन फाल्कन ९चे बूस्टर पॅराशूटने उतरवायचा विचार होता. पॅराशूट उघडण्याची वेळच आली नाही, हवेत शिरतानाच त्यांचे तुकडे झाले.

“समोरून ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने हवा येतेय आणि तुम्ही त्याच दिशेला इंजिन पेटवताय,” भाची सांगत होती. “ज्वाळा स्थिर राहील की फडफडून अख्खा बूस्टर आडवा करेल, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. नासालाही उत्तर हवं होतं, कारण मंगळाच्या विरळ हवेत जड यान उतरवायचं तर हाच मार्ग आहे. म्हणून सप्टेंबर २०१४ मध्ये नासाने विमानांतून इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी फाल्कनच्या परतीचं चित्रण केलं.”

मग शेवटचे काही क्षण. मर्लिन इंजिन पूर्ण उघडलं तर सुमारे ८५ टनांचा जोर देतं. ते मंद करता येतं, पण साधारण चाळीस टक्क्यांच्या खाली नाही. त्याच वेळी रिकामा झालेला बूस्टर, तळाशी उरलेल्या इंधनासकट, तीस टनांच्याही आत असतो. म्हणजे एकच इंजिन, तेही सर्वांत मंद चालवलं, तरी त्याचा जोर बूस्टरच्या वजनापेक्षा जास्तच. मामांनी हे गणित मनातल्या मनात केलं आणि ते सावरून बसले.

“मग तो हवेत थांबूच शकत नाही!”

“नाही थांबू शकत. जरा थांबून, अंदाज घेऊन मग टेकायचं, ही चैन नाही. वेग शून्य व्हायला हवा तो बरोबर डेकच्या उंचीवर. दहा मीटर वर शून्य झाला तर इंजिन त्याला पुन्हा वर उचलेल. दहा मीटर खाली होणार असेल तर काय, ते सांगायला नको.”

त्यातही गणिताची एक मेख आहे, आणि भाचीचा जीव तिथेच गुंतलेला. कमीत कमी इंधनात, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेगाने पोहोचायचा मार्ग शोधणं हा संगणकाला तसा सवयीचा प्रश्न. पण ‘इंजिन एक तर बंद, नाहीतर चाळीस टक्क्यांच्या वर’ अशी अट घातली की प्रश्नाचा आकार बिघडतो आणि नक्की सर्वोत्तम उत्तर मिळेल याची हमी जाते. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत मंगळावर अचूक उतरण्याचा अभ्यास करताना बेहचेत अचिकमेशे आणि लार्स ब्लॅकमोर या संशोधकांनी यावर तोड काढली. प्रश्नाला त्यांनी असं रूप दिलं की त्याचं उत्तर मूळ प्रश्नालाही तंतोतंत लागू पडतं आणि साधा संगणकही ते ठरलेल्या वेळात काढून देतो. ब्लॅकमोर पुढे स्पेसएक्समध्ये गेले आणि फाल्कन उतरवण्याच्या कामाचं नेतृत्व त्यांनी केलं. वारा बदलला, एखादं इंजिन किंचित कमी चाललं, तरी बूस्टर आपला मार्ग त्याच क्षणी नव्याने आखतो.

“गणित कळलं,” मामा म्हणाले. “आता मोडलं काय काय, ते सांग.”

मोडलेल्या गोष्टींची यादी लांब आहे आणि ती लपवून ठेवलेली नाही, ही या कहाणीतली फार चांगली बाब आहे. १० जानेवारी २०१५ रोजी बूस्टर जहाजापर्यंत पोहोचला. त्याला दिशा देणाऱ्या जाळीदार पंखांचं हायड्रॉलिक तेल टेकण्याच्या जरा आधी संपलं आणि तो तिरका डेकवर आदळला. पुढच्या वेळी तेल वाढवलं. १४ एप्रिलला तो जवळजवळ उभा उतरला, पण डोलत डोलत, आणि कलंडला. कारण होतं इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह.

“चिकटला?” मामांनी लगेच विचारलं.

“चिकटत होता. हुकूम गेला की हलायला उशीर करायचा. संगणकाला वाटायचं, जोर कमी पडतोय, वाढवा. तोवर व्हॉल्व्ह उघडलेला असायचा. मग कमी करा. त्या उशिरामुळे दुरुस्तीच उलटी पडत गेली.”

मामांच्या चेहऱ्यावर ओळखीचा माणूस भेटल्याचा आनंद दिसला. असे व्हॉल्व्ह त्यांनी जन्मभर हाताळले आहेत. ताशी आठ हजार किलोमीटरवरून आलेल्या यंत्राला शेवटी एका सरकत्या भागातल्या घर्षणाने पाडलं, या एका माहितीवर ते नंतरही परत परत येत राहिले.

२१ डिसेंबर २०१५ रोजी केप कॅनव्हेरलच्या जमिनीवर पहिला बूस्टर नीट उतरला. जहाजावर पहिल्यांदा यश आलं ते ८ एप्रिल २०१६ रोजी. मधल्या काळात, जानेवारी २०१६ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एक बूस्टर अचूक जागी, योग्य वेगाने टेकला, पण एका पायाची खिट्टी बसली नाही. पाय मिटला आणि बूस्टर आडवा होऊन फुटला. उड्डाणाच्या वेळी दाट धुकं होतं, त्यामुळे तिथे बर्फ धरला असावा असा अंदाज होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये फाल्कन हेवीचे बाजूचे दोन बूस्टर शेजारी-शेजारी उतरले, ते दृश्य जगभर पाहिलं गेलं. मधला बूस्टर मात्र ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास वेगाने समुद्रात घुसला, कारण इंजिनं पुन्हा पेटवणारं रसायन पुरेसं उरलं नव्हतं.

“हे सगळे नव्या मशीनचे दोष आहेत,” मामा म्हणाले. “नव्या मशीनचे दोष सापडतात, दुरुस्त होतात. मला जुन्या मशीनबद्दल सांग.”

हा प्रश्न आला तेव्हा भाची थोडी थांबली, कारण तिचं उत्तर मामांच्या बाजूचं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये एक बूस्टर हरवला. इंजिनाभोवती उष्णतेपासून जपणारं लवचिक आच्छादन असतं. अनेक उड्डाणांत झिजून त्याला छिद्र पडलं होतं. तिथून तापलेला वायू आत शिरला आणि चढतानाच एक इंजिन बंद पडलं. उरलेल्या आठांनी उपग्रह नीट कक्षेत पोहोचवले, पण परतताना जोर पुरला नाही. मे २०२० मध्ये डग हर्ली आणि बॉब बेनकेन या अंतराळवीरांना ज्याने वर नेलं, तो बूस्टर डिसेंबर २०२३ मध्ये एकोणिसाव्या उड्डाणानंतर सुखरूप उतरला आणि जहाज बंदराकडे येत असताना वारा-लाटांत कलंडला. ऑगस्ट २०२४ मध्ये दुसरा एक तेविसाव्या उड्डाणानंतर टेकताना पडला आणि जळाला. मार्च २०२५ मध्ये इंधनगळतीमुळे उतरल्यानंतर आग लागली, पाय निकामी झाला आणि बूस्टर आडवा झाला.

दुसऱ्या बाजूचा आकडाही तितकाच खरा आहे. २०२४ या एका वर्षात फाल्कन घराण्याची १३० हून अधिक उड्डाणं झाली आणि त्यांतली बहुतेक आधी उडालेल्या बूस्टरवर. २०२५ मध्ये एका बूस्टरने तिसावं उड्डाण केलं. पहिल्यांदा पुन्हा उडालेल्या, ३० मार्च २०१७ च्या, बूस्टरच्या दोन उड्डाणांमध्ये जवळपास वर्ष गेलं होतं. आता सर्वांत जलद फेरतयारीचा विक्रम नऊ दिवसांचा आहे.

मामांना नऊ दिवसांचं कौतुक वाटलं, पण त्यांनी लगेच स्पेस शटल काढलं. हे त्यांचं जुनं शस्त्र, आणि ते बोथट झालेलं नाही.

शटलच्या दोन्ही बाजूंचे घनइंधनाचे बूस्टर पॅराशूटने अटलांटिकमध्ये पडायचे. लिबर्टी स्टार आणि फ्रीडम स्टार ही दोन जहाजं ती धुडं ओढून आणायची. मग खारं पाणी धुवायचं, सुटे करायचे, रेल्वेने युटाला पाठवायचे, नव्याने इंधन भरायचं, परत आणून जोडायचे. पुनर्वापर झाला का? झाला. बचत झाली का? त्या साऱ्या खटाटोपात ती फारशी उरली नाही. वरच्या यानाची अवस्था याहून कठीण. त्याच्या अंगावर उष्णतारोधक फरशा चोवीस हजारांच्या आसपास, प्रत्येकीचा आकार आणि क्रमांक वेगळा, प्रत्येक परतीनंतर त्यांची तपासणी. मुख्य इंजिनं उड्डाणानंतर उतरवून उघडून पाहायची. वर्षाला डझनावारी उड्डाणांचं आश्वासन सत्तरच्या दशकात दिलं गेलं होतं. तीस वर्षांत मिळून १३५ उड्डाणं झाली आणि सर्वांत व्यग्र वर्षात, १९८५ मध्ये, नऊ. एका उड्डाणाचा खर्च नासा साधारण ४५ कोटी डॉलर सांगे. सगळा कार्यक्रम उड्डाणांनी भागला तर आकडा दीडशे कोटींच्या आसपास जातो.

“परत आलं म्हणजे स्वस्त झालं, असं तेव्हाही हुशार माणसांनाच वाटलं होतं,” मामा म्हणाले. “एसटी स्वस्त पडते ती रात्री डेपोत परत येते म्हणून नव्हे. सकाळी पुन्हा निघते म्हणून. रोज डेपोत इंजिन खोलावं लागलं असतं तर तिकीट कोणाला परवडलं असतं?”

“म्हणूनच फाल्कनने शटलसारखं सगळं परत आणायचा हट्ट धरला नाही,” भाचीने उत्तर दिलं. कक्षेत फिरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटर, सुटणाऱ्या बूस्टरचा सव्वादोनच्या आसपास. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे कक्षेतून आणायच्या वस्तूला दर किलोमागे दहा-बारा पट ऊर्जा जिरवावी लागते. ती जिरवायला फरशा लागतात आणि फरशांमागे तपासणी येते. फाल्कनचा दुसरा टप्पा आजही परत येत नाही. बूस्टरला फरशांचं कवच लागत नाही, वेग तोडायला त्याची स्वतःची इंजिनं पुरतात. शिवाय त्यात माणूस नसतो. परतताना तो बुडाला तरी मोहीम यशस्वीच धरतात, कारण तोवर उपग्रह आपल्या वाटेला लागलेला असतो. ग्राहकाच्या पैशाने उड्डाण करायचं आणि उरलेल्या बूस्टरवर उतरण्याचे प्रयोग करायचे, ही संधी शटलला कधीच मिळाली नाही. भाचीच्या सगळ्या युक्तिवादांत हा सर्वांत भक्कम होता.

काजळीचा मुद्दा मात्र मामांनी सोडला नाही. केरोसीन जळताना कार्बन मागे ठेवतं आणि तो बारीक नळ्यांत, टर्बाइनवर बसतो. भाचीने ते मान्य केलं. म्हणूनच नवे आराखडे मिथेनकडे वळले आहेत: स्पेसएक्सचं रॅप्टर, ब्लू ओरिजिनचं बीई-४, चीनच्या लँडस्पेस कंपनीचं झूच्वे-३ आणि भारताचं होऊ घातलेलं नवं रॉकेटसुद्धा.

पायांबद्दल तर मामांना जे हवं होतं तेच घडलं आहे. स्पेसएक्सच्याच स्टारशिप रॉकेटच्या ३३ इंजिनांच्या बूस्टरला पायच नाहीत. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी टेक्सासमध्ये उड्डाणमनोऱ्याच्या दोन लोखंडी हातांनी तो हवेतच धरला. “बरोबर,” मामा म्हणाले, “जे वजन वर न्यायची गरज नाही ते जमिनीवर ठेवावं.” पण मे २०२५ मध्ये त्या जातीचा पहिला पुन्हा वापरलेला बूस्टर चढला नीट, परतताना इंजिनं पेटवली तेव्हाच नष्ट झाला. पकडणं आणि पुन्हा उडवणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, हे या एका वर्षात लखलखीत दिसलं.

इतरांचं काय? उपग्रह कक्षेत नेणाऱ्या रॉकेटचा बूस्टर उभा उतरवणं दुसऱ्या कंपनीला जमायला जवळपास दहा वर्षं लागली. ब्लू ओरिजिनच्या न्यू ग्लेनने ते १३ नोव्हेंबर २०२५ रोजी, दुसऱ्या प्रयत्नात केलं. झूच्वे-३ डिसेंबर २०२५ मध्ये पहिल्याच उड्डाणात कक्षेत पोहोचलं, पण त्याचा बूस्टर उतरण्याच्या जागेजवळ येऊन जळाला. रॉकेट लॅबने वेगळाच मार्ग धरला होता. मे २०२२ मध्ये पॅराशूटने उतरणारा लहान बूस्टर त्यांनी हेलिकॉप्टरच्या आकड्याने हवेत पकडला, आणि वजनाचा झोल वेगळा जाणवल्याने वैमानिकाने तो सोडून दिला. पुढे तो मार्ग त्यांनी बाजूला ठेवला.

मग वाद पैशावर आला, आणि इथे दोघांपेक्षा मोठी माणसं आधीच भांडून बसली आहेत. २०२० मध्ये स्पेसएक्सचे प्रमुख इलॉन मस्क यांनी जाहीरपणे लिहिलं की परत आणून पुन्हा तयार करण्याचा खर्च दहा टक्क्यांहून कमी आहे, मालवहनातली घट चाळीस टक्क्यांहून कमी आहे, त्यामुळे दोन उड्डाणांत बरोबरी होते आणि तिसऱ्यापासून फायदा. युनायटेड लाँच अलायन्सचे तेव्हाचे प्रमुख टोरी ब्रुनो यांचा हिशेब असा की सगळ्या ताफ्याची सरासरी प्रत्येकी दहा उड्डाणांवर गेली तर कुठे बरोबरी. दोघंही आपापल्या कंपनीच्या जागेवरून बोलत होते. आज मागे वळून पाहता फाल्कनचे बूस्टर मस्क यांचा आकडा तर सोडाच, ब्रुनो यांचा आकडाही ओलांडून गेले आहेत.

मामांनी दुसरं टोक पकडलं. “ग्राहकाला काय मिळालं?” २०१६ च्या सुमारास फाल्कन ९च्या उड्डाणाचा जाहीर दर ६ कोटी २० लाख डॉलर होता. २०२४ मध्ये तो सात कोटींना टेकला. महागाई धरली तर तो फारसा वाढला नाही, पण पुनर्वापराने दर कोसळले असंही नाही. खर्च उतरला असणार. त्याचा फायदा मुख्यतः स्पेसएक्सच्या स्वतःच्या स्टारलिंक उपग्रहांना झाला. २०२४ च्या फाल्कन उड्डाणांपैकी दोन-तृतीयांशांच्या आसपास त्यांचीच होती. या मुद्द्यावर मामांचं पारडं जड आहे. कंपनीने आधी परत येणारं रॉकेट बनवलं आणि मग त्याला पुरेल एवढं काम स्वतःच निर्माण केलं. हे काम ज्याच्याकडे नाही, त्याने फाल्कनचा ताळेबंद आपल्या वहीत उतरवून घेऊ नये.

युरोपात हे उघडपणे बोललं गेलं. एरियानग्रुपचे तेव्हाचे प्रमुख आलँ शार्मो यांनी २०१८ मध्ये एका जर्मन नियतकालिकाला सांगितलं होतं की युरोपला वर्षाला दहा खात्रीची उड्डाणं मिळतात असं धरलं आणि एक रॉकेट दहा वेळा वापरता आलं, तर वर्षाला एकच रॉकेट बांधावं लागेल. मग कामगारांना पुढच्या वर्षी या म्हणून घरी पाठवायचं का? त्यांच्या एरियान ६ ने जुलै २०२४ मध्ये पहिलं उड्डाण केलं. त्याचा कुठलाही टप्पा परत येत नाही.

“हा माणूस माझ्या भाषेत बोलतो,” मामा म्हणाले. त्यांना विक्रोळी आठवत होती. इस्रोच्या रॉकेटांना ढकलणारं विकास इंजिन विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात अनेक दशकं बनत आलं आहे. पीएसएलव्हीत असं एक इंजिन लागतं, एलव्हीएम-३ मध्ये दोन, जीएसएलव्हीत पाच. घन इंधनाच्या मोटारींची भलीमोठी पोलादी कवचं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला घडली आहेत. महिनोन्‌महिने वेल्डिंग, तपासणी, एक्स-रे, आणि मग काही मिनिटांचं काम करून ते सगळं समुद्राच्या तळाशी. “त्यातलं काही परत आलं तर मला आनंदच आहे. पण मग वर्षाला किती इंजिनं बनवायची? हात कामात नसले की कसब जातं. आणि गेलेलं कसब पाच वर्षांनी निविदा काढून परत मिळत नाही.”

भाचीने या प्रश्नाला बगल दिली नाही. फाल्कनच्या प्रत्येक उड्डाणात वरचा टप्पा नवाच लागतो, त्याचं इंजिनही नवंच. वर्षाला १३० उड्डाणं म्हणजे १३० नवे वरचे टप्पे. कारखाना बंद झाला नाही, त्याचं काम बूस्टरवरून वरच्या टप्प्याकडे सरकलं आणि वाढलं. “पण उड्डाणं वाढली म्हणून,” मामांनी आठवण करून दिली. “आपली किती होतात?” वर्षाला पाच-सात. इथे भाचीकडे तयार उत्तर नव्हतं, आणि तिने तसा आवही आणला नाही.

भारताची अडचण निव्वळ संख्येची नाही. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा घन इंधनाचा. एलव्हीएम-३ च्या दोन्ही बाजूंच्या एस-२०० मोटारीही तशाच, प्रत्येकीत दोनशे टनांहून अधिक इंधन. घन इंधन एकदा पेटलं की विझवून पुन्हा पेटवता येत नाही, म्हणजे फाल्कनसारखं उतरणं त्यांना शक्यच नाही. एलव्हीएम-३ चा मधला, विकास इंजिनांचा टप्पा हवेतच पेटतो आणि बूस्टर गळून पडल्यावरही बराच काळ जळतो. तो संपतो तेव्हा इतका उंच आणि वेगात असतो की त्याला परत आणणं फाल्कनच्या बूस्टरपेक्षा कितीतरी जड जाईल. आहे ते रॉकेट जरा सुधारून पुनर्वापराचं करता येणार नाही. रॉकेट मुळातूनच नवं हवं.

पंखांच्या मार्गाने इस्रोने चांगली पावलं टाकली आहेत. २३ मे २०१६ रोजी पंख असलेलं चाचणी-यान ६५ किलोमीटरवर जाऊन ध्वनीच्या पाचपट वेगाने परतलं. पुढे कर्नाटकात चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर, २ एप्रिल २०२३, २२ मार्च २०२४ आणि २३ जून २०२४ अशा तीन वेळा, चिनूक हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटरवरून सोडलेलं यान आपणहून उतरलं. शेवटच्या दोन चाचण्यांतल्या यानाचं नाव पुष्पक. उभं उतरण्याचा मार्ग मात्र आता सुरू होतोय. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पुढच्या पिढीच्या रॉकेटला ८,२४० कोटी रुपये मंजूर केले. ३० टनांपर्यंत भार, एलव्हीएम-३ च्या तिप्पट क्षमता दीडपट खर्चात, आणि परत येणारा पहिला टप्पा. मुदत आठ वर्षं.

“१७ जानेवारी २०२५ ला महेंद्रगिरीत विकास इंजिन साठ सेकंद चालवलं, बंद केलं, दोन मिनिटांनी पुन्हा पेटवलं,” भाची म्हणाली. “दुसऱ्यांदा सातच सेकंद. पण परत यायचं तर सुरुवात तिथूनच होते.”

विक्रोळीच्या इंजिनाची ही बातमी मामांना ठाऊक नव्हती. त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली.

प्रस्तुत लेखकाला इथे आपलं मत सांगितलं पाहिजे असं वाटतं. भारताने बूस्टर उतरवायला शिकावंच. ही विद्या जवळ नसलेल्या देशाला पुढच्या काळात मोठे उपग्रहसमूह आणि स्वतःचं अंतराळस्थानक स्वतःच्या बळावर वर नेणं फार महाग पडेल. पण संसदेत आणि वर्तमानपत्रांत ही योजना ‘स्वस्त उड्डाणं’ म्हणून विकली जाऊ नये. वर्षाला पाच-सात उड्डाणांवर ती स्वस्त होणार नाही. त्यासाठी आधी काम हवं, म्हणजे वाहून न्यायला पुरेसे उपग्रह, आणि त्याबद्दलचं नियोजन रॉकेटइतक्याच गंभीरपणे मांडलेलं अजून दिसत नाही. दुसरी गोष्ट, पडझड उघड सांगण्याची तयारी. व्हॉल्व्ह चिकटला, खिट्टी बसली नाही, आच्छादनाला छिद्र पडलं, हे अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीने जगाला सांगितलं म्हणून आज मुंबईतले एक निवृत्त कारागीर त्यावर बोलू शकतात. आपला पहिला बूस्टर पाण्यात पडेल, बहुधा दुसराही, तेव्हा कारण लोकांसमोर आलं पाहिजे.

भाचीचं यावर दुमत नव्हतं. दुमत झालं ते पुढच्या प्रश्नावर. पहिला बूस्टर सुखरूप हाती आला की त्याचं करायचं काय?

“उडवायचा,” भाची म्हणाली. “उडवल्याशिवाय पुनर्वापर कसला?”

“कापायचा,” मामा म्हणाले. “प्रत्येक वेल्ड, प्रत्येक बेअरिंग. आणि ते तुकडे ज्यांनी बनवले त्यांच्या टेबलावर ठेवायचे.”

२०१५ च्या डिसेंबरमध्ये उतरलेला पहिला फाल्कन बूस्टर पुन्हा कधीच उडाला नाही, तो आज कॅलिफोर्नियात हॉथॉर्नला कंपनीच्या दारात उभा आहे. पण महिन्याभरात त्याला जमिनीला जखडून इंजिनं एकदा पेटवली होती, हे भाचीने सांगितलं. बाहेरच्या कड्यातल्या एका इंजिनाचा जोर तेव्हा कमी-जास्त होत होता.

“कशामुळे?”

“काहीतरी कचरा आत ओढला गेला असेल, असा अंदाज तेव्हा सांगितला होता.”

“अंदाज?” मामा म्हणाले. “मग उघडायलाच हवं ना ते इंजिन.”